‘बोरिस गोदुनोव’: मुसोर्गस्कीचा कुठला, रिम्स्कीचा कुठला आणि ऐकायचा कुठला?

मंद्रषड्ज

पाश्चात्त्य संगीताच्या मागच्या धाग्यावर कुणीतरी ठणकावून सांगितलं होतं की ‘बोरिस गोदुनोव’ मूळ रूपातच ऐका, बाकी सगळी (म्हणजे मुख्यतः मित्र रिम्स्की-कोर्साकोवनं पुढं सुधारून काढलेलं रूप) भेसळ. तिथं अवांतर नको म्हणून बोललो नाही. पण मूळ म्हणजे कुठलं हो? रशियन संगीतकार मुसोर्गस्कीनं हा ऑपेरा स्वतःच दोनदा लिहिलाय. दोन्ही वेळा शुद्धीवर होता. म्हणून हा वेगळा धागा.

कथा माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. झार इव्हानचा (तोच, ‘भयंकर’ म्हणून ओळखला जाणारा) धाकटा मुलगा दिमित्री १५९१ साली उग्लिचला गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला. १५९८ मध्ये बोरिस गोदुनोव झार झाला. पोराला बोरिसनंच मारवलं अशी कुजबुज होती. इतिहासकारांचं त्यावर आजही एकमत नाही, पण पुश्किननं नाटकात बोरिसला दोषी धरलं आणि मुसोर्गस्कीनं पुश्किन उचलला. पुढं मठातून पळालेला ग्रिगोरी ‘मीच तो दिमित्री’ म्हणत पोलंडकडून फौज घेऊन येतो. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला होता, तसाच प्रकार; पण रशियातला तोतया खरोखर गादीवर बसला.

आता मुद्द्याचं. १८६८ च्या ऑक्टोबरात मुसोर्गस्कीनं सुरुवात केली. वय २९, नोकरी सरकारी वनखात्यात कारकुनाची. डिसेंबर १८६९ पर्यंत सात प्रवेशांचा ऑपेरा वाद्यवृंदासकट तयार. शब्द बरेचसे थेट पुश्किनचे, आणि गाणं म्हणजे बोलण्याच्या चढउतारांवर बेतलेलं. टाळ्या घेणारी गाणी जवळजवळ नाहीतच. फेब्रुवारी १८७१ मध्ये शाही नाट्यगृहांच्या समितीनं तो सहा विरुद्ध एक मतांनी नापास केला. मुख्य तक्रार अशी की यात नायिकाच नाही.

इथून पुढं सगळ्या पुस्तिकांमध्ये छापलेली गोष्ट सुरू होते: बिचाऱ्यानं समितीपुढं मान तुकवली, पोलंडची राजकन्या घुसवली आणि चांगला ऑपेरा पातळ केला. हे मला अजिबात पटत नाही. (मारिना राजकन्याही नव्हती, पोलिश सरदाराची मुलगी होती.) नायिकाच हवी होती तर मारिनाचे दोन प्रवेश जोडले की काम झालं. पण यानं राजवाड्यातला, तेरेमचा (झारच्या कुटुंबाच्या खाजगी दालनांचा), अख्खा प्रवेश नव्यानं लिहिला. सेंट बासिल चर्चसमोरचा प्रवेश काढून टाकला. क्रोमीच्या जंगलातल्या बंडाचा प्रवेश नव्यानं रचला आणि ऑपेऱ्याचा शेवटच त्यावर केला. हे त्याला कुणी सांगितलं होतं? झारशाहीतली कुठली समिती म्हणेल की शेवटी जरा दंगल दाखवा?

माझं म्हणणं एवढंच: १८६९ चा ऑपेरा एका माणसाच्या अपराधाचा आहे, १८७२ चा एका देशाच्या फसवणुकीचा. दोन वेगळी नाटकं आहेत. कुठलंही एक करा. दोन्ही एकत्र ओतून जो ‘संपूर्ण’ बोरिस दाखवतात, तो मात्र कुणीच लिहिलेला नाही.

केतकी_द

मस्त धागा. वाचनखूण साठवली.

तेरेम प्रवेश नव्यानं लिहिला म्हणजे नेमकं काय केलं? मी बोरिसचं ते स्वगत ऐकलंय, ‘सर्वोच्च सत्ता मिळाली’ वालं. ते दोन्हींत आहेच ना?

मंद्रषड्ज

शब्दांचा गाभा दोन्हींत आहे, संगीत निराळं. १८६९ मध्ये बोरिस जवळजवळ बोलतो. वाद्यवृंद त्याच्यामागून दबक्या पावलांनी चालतो. सुरावट म्हणून घरी जाताना गुणगुणता येईल असं फार काही हाती लागत नाही. १८७२ मध्ये त्याच जागी रुंद, खानदानी सुरावट येते, आणि ती मुसोर्गस्कीनं स्वतःच्याच अर्धवट सोडलेल्या ‘सालाम्बो’ या ऑपेऱ्यातून आणलीय.

शिवाय प्रवेशाचा पूर्वार्ध नव्यानं भरला. दाईचं डासाचं गाणं, टाळ्यांचा खेळ, राजपुत्र बापाला सांगतो तो पोपटाचा किस्सा. घरगुती गंमत चाललीय, पोरं हसतायत. आणि मग ते आकृत्यांचं नक्षीदार घड्याळ. आधी मुलं त्याची मजा बघतात, आणि शेवटी बोरिस एकटा असताना तेच घड्याळ चालू होतं आणि त्याला कोपऱ्यात मेलेलं पोर दिसायला लागतं. भासाचा प्रसंग १८६९ मध्येही आहे, पण घड्याळ नाही. तंतुवाद्यांचा तो एकसुरी लंबक ऐकलात की सांगा, हे माणसानं समितीच्या धाकानं लिहिलं असेल का?

बाकडेवाला

एवढा घोळ कशाला घालायचा म्हणतो मी. आपल्याकडची रात्रभर चालणारी संगीत नाटकं आता तीन तासांत बसवतातच ना? पदं गाळली तरी सौभद्र ते सौभद्रच. चोखंदळ लोकांना भांडायला काहीतरी लागतं, झालं.

मंद्रषड्ज

@बाकडेवाला, पदं गाळणं वेगळं. इथं त्याच जागी, त्याच पात्राच्या तोंडी, त्याच नाटककारानं दुसरी चाल घातलीय आणि शेवट बदललाय. सौभद्रात शेवटी सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी लागलं तर तुम्ही पहिल्या रांगेतून उठून याल.

बाकडेवाला

उठून कसला, तिकिटाचे पैसे परत मागीन.

पश्चिमघाट्या

लंडनला रॉयल ऑपेरानं २०१६ मध्ये १८६९ चं रूप केलं होतं, तेव्हा मी तिथंच होतो. दिग्दर्शक रिचर्ड जोन्स, वाद्यवृंद पाप्पानोकडे, बोरिस झाला होता ब्रिन टर्फेल. मध्यंतर नाही, सलग सव्वादोन तासांच्या आसपास. रंगमंचाच्या वरच्या मजल्यावर एक मूल भोवऱ्याशी खेळतंय आणि मारेकरी येऊन त्याचा गळा चिरतात, हे मूकदृश्य पुन्हा पुन्हा येत राहतं. खाली राज्यकारभार चाललेला आणि वर हे.

धागाकर्त्याशी असहमत आहे तो एका बाबतीत. ‘दोन्ही सारखीच चांगली’ असा सूर लागलाय, तो मला मान्य नाही. १८६९ जे करतं ते कुठल्याच ऑपेऱ्यानं तोवर केलं नव्हतं. प्रेमप्रकरण नाही, नृत्य नाही, खुद्द तोतया सरायखान्याच्या खिडकीतून उडी मारून पळतो तो पुन्हा रंगमंचावर येतच नाही. पुढं नुसत्या त्याच्या बातम्या येतात. बोरिसला जसा तो दिसत नाही तसा आपल्यालाही दिसत नाही, त्यामुळं भीती वाढते. १८७२ मध्ये हाच गडी कारंज्यापाशी मारिनाच्या पायाशी लोळण घेताना दिसतो. सगळा धाक गेला की राव.

मंद्रषड्ज

लोळण घेतो हे खरं. पण मारिनाला तो नकोच आहे, तिला मॉस्कोची गादी हवीय, आणि तिच्यामागं रंगोनी हा जेझुइट पाद्री बसलाय, त्याला अख्खा रशिया पोपच्या पदरात घालायचाय. तीन माणसं एकमेकांना वापरतायत आणि वर सुंदर प्रेमगीत चाललंय. इतकं थंड प्रेमगीत दुसऱ्या कुठल्या ऑपेऱ्यात दाखवा.

केतकी_द

अवांतर: खऱ्या मारिनानं पुढं कहर केला. पहिला तोतया मारला गेल्यावर दुसरा तोतया उगवला, तर तिनं त्यालाही ‘हाच माझा नवरा’ म्हणून ओळखलं!

तिरका_डोळा

रिम्स्की-कोर्साकोवचं नाव निघालं की लोक दात-ओठ खातात, म्हणून त्याची बाजू मांडतो.

१८७४ साली सेंट पीटर्सबर्गच्या मारिइन्स्की नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला. लोकांनी उचलून धरला, समीक्षकांनी झोडपला. सगळ्यात वाईट लिहिलं ते स्वतःच्याच टोळक्यातल्या संगीतकार सेझार क्यूईनं. मुसोर्गस्की १८८१ मध्ये लष्करी इस्पितळात वारला, वय ४२. दारूनं पोखरलेला. (चित्रकार रेपिननं काढलेलं ते विस्कटलेल्या केसांचं चित्र त्याच इस्पितळात, मृत्यूच्या काही दिवस आधीचं.) पुढच्या वर्षी मारिइन्स्कीनं बोरिस गुंडाळून ठेवला. पुढं मॉस्कोत थोडे प्रयोग झाले, बास. १८९६ मध्ये रिम्स्कीनं नवी आवृत्ती काढली नसती तर आज आपण या धाग्यावर नसतो. गायक शाल्यापिननं १८९८ पासून जो बोरिस गाजवला तो रिम्स्कीचा. आयोजक द्यागिलेवनं १९०८ मध्ये पॅरिस हादरवलं ते रिम्स्कीच्याच बोरिसनं. १९१३ ला न्यू यॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात (मेट) संचालक तोस्कानिनीनं केला, तोही रिम्स्कीचा, आणि इटालियन भाषेत!

आणि हा परका माणूस नव्हता. बोरिसची दुरुस्ती चालू असताना दोघं एकाच खोलीत राहायचे, एकच पियानो वाटून घ्यायचे. सकाळी मुसोर्गस्की, दुपारी तो कचेरीत गेला की रिम्स्की. मित्राचं घर पडायला आलं तर डागडुजी कोण करणार?

पश्चिमघाट्या

डागडुजी ठीक, यानं खिडक्या बुजवून छज्जे काढले. सुरावटी बदलल्या, स्वरपट्ट्या बदलल्या, ताल सरळ केले, जिथं मुद्दाम ओबडधोबड ठेवलं होतं तिथं रंधा मारला. राज्याभिषेकाचा प्रवेश त्याच्या हातात गेला की नुसती सोन्याची झळाळी. त्यात पॅरिससाठी द्यागिलेवनं सांगितलं म्हणून आणखी संगीत जोडून लांबवला.

मंद्रषड्ज

राज्याभिषेकाचं निघालंय तर जरा थांबू या, कारण ती जागा कान देऊन ऐकण्यासारखी आहे.

पडदा उघडण्याआधी घंटानाद चालतो. तो सगळा दोन स्वरमेळांवर उभा आहे, आळीपाळीनं, बराच वेळ. एकाचा मूळ स्वर सा धरला तर दुसऱ्याचा येतो तीव्र मध्यम, म्हणजे जास्तीत जास्त परकं अंतर. पण पहिल्यातले शुद्ध गंधार आणि कोमल निषाद दुसऱ्यातही तसेच राहतात. दोन स्वर हलत नाहीत आणि बाकीची जमीन मात्र एकदा इकडं, एकदा तिकडं कलते. पेटीवर वाजवून बघा, दोन मिनिटांचं काम आहे: सा ग प नि॒, मग म॑ नि॒ रे॒ ग. कुठंच ‘घरी आलो’ असं वाटत नाही. राजा गादीवर बसतोय आणि संगीताला बसायला जागा नाही.

मुसोर्गस्कीच्या स्वतःच्या वाद्यरचनेत हे ऐकलं तर काळपट, जड वाटतं. खरी घंटा जवळून ऐकावी तसं. रिम्स्कीकडे तेच चकाकतं. स्वरमेळ तेच, पण त्याच्याकडे आपण पाहुणे म्हणून सोहळ्याला जातो आणि मुसोर्गस्कीकडे गर्दीत उभे राहतो. आणि ती गर्दीही कशी, तर पहिल्या प्रवेशात शिपायानं दंडुका दाखवून ‘आक्रोश करा’ म्हटल्यावर आक्रोश करणारी. एक जण दुसऱ्याला विचारतो, आपण ओरडतोय कशासाठी?

तरी @तिरका_डोळा यांचा मुद्दा रास्तच आहे. रिम्स्कीनं आत्मचरित्रात स्पष्ट लिहून ठेवलंय की मी मूळ पुसून टाकलेलं नाही, उद्या कुणाला ते माझ्यापेक्षा चांगलं वाटलं तर माझं बाजूला ठेवून ते करावं. हा प्रामाणिकपणा मान्य. माझं त्याच्याशी भांडण वाद्यांवरून नाहीच, शेवटावरून आहे. त्यानं शेवटच्या दोन प्रवेशांची अदलाबदल केली: आधी क्रोमीचं बंड, मग बोरिसचा मृत्यू. झालं, देशाचं नाटक पुन्हा राजाचं झालं. मोठ्या गायकांना हे सोयीचंच होतं, मरताना पडदा आपल्यावर पडतो.

निळी_शाई

धागा वाचतेय, पण सेंट बासिल आणि क्रोमी यात गोंधळ होतोय. एकात तो वेडा आहे ना ज्याचा पैसा चोरतात? दोन्हीकडे आहे की एकीकडे?

मंद्रषड्ज

याच प्रश्नाची वाट बघत होतो.

१८६९: चर्चसमोर उपाशी लोक. डोक्यावर लोखंडी टोपी घातलेला एक अवलिया, रशियात अशांना देवाचं माणूस मानायचे. पोरं त्याला घेरतात, टोपीवर टिचक्या मारतात, त्याच्याकडचा एकुलता कोपेक (रशियन पैसा) हिसकावून पळतात. तो रडतोय तेवढ्यात बोरिस बाहेर येतो. विचारतो, हा का रडतोय? अवलिया म्हणतो, पोरांनी माझा कोपेक नेला, त्यांना मारायला सांग, तू त्या छोट्या राजपुत्राला मारलंस तसं. सगळे गार. शुइस्की हा सरदार त्याला पकडायला निघतो, बोरिस अडवतो आणि उलट म्हणतो, माझ्यासाठी प्रार्थना कर. उत्तर येतं: हेरोद राजासाठी (बायबलमधला, बाळांची कत्तल करवणारा) प्रार्थना करता येत नाही, देवमाता नको म्हणते. झारच्या तोंडावर खरं बोलणारा अख्ख्या नाटकात हा एकटा.

१८७२: हा प्रवेशच रद्द. पण अवलिया, पोरं, टोपी, कोपेक आणि ते रडगाणं एवढं उचलून मुसोर्गस्कीनं क्रोमीत नेलं. तिथं बोरिस नाही. तिथं लोकांनी एका सरदाराला बांधून त्याची टर उडवलीय, दोन जेझुइटांना फासावर द्यायला काढलंय, तेवढ्यात तोतया घोड्यावरून येतो, त्या दोघांना सोडवतो, आणि मघापर्यंत बंड करणारी सगळी जनता त्याच्या मागं जयजयकार करत निघून जाते. मागं आगीचा उजेड, आणि कोपेक गेलेला अवलिया एकटा रशियासाठी रडतो. संगीत संपत नाही, विझतं.

म्हणजे कोपेक एकच. १८६९ मध्ये तो बोरिसकडे बोट दाखवतो, १८७२ मध्ये जनतेकडे. आता ‘संपूर्ण’ बोरिसमध्ये दोन्ही प्रवेश जसेच्या तसे ठेवा: त्याच माणसाचा तोच कोपेक तीच पोरं त्याच सुरात दोनदा चोरतात! काही दिग्दर्शक एकीकडचा तुकडा कापून वेळ मारून नेतात, पण मग शिवण दिसतेच.

ही प्रथा रूढ झाली मॉस्कोच्या बोल्शोई नाट्यगृहात, १९२७ मध्ये. रिम्स्कीनं सेंट बासिलला हात लावला नव्हता, म्हणून संगीतकार इप्पोलितोव-इवानोवकडून त्याची वाद्यरचना करून घेतली आणि रिम्स्कीच्या बोरिसमध्ये बसवली. झारला हेरोद म्हणणारा प्रवेश क्रांतीनंतर कोण सोडणार?

तिरका_डोळा

मग १८७४ चा पहिला प्रयोग कुठल्या खात्यात टाकायचा? त्यात पिमेन या मठातल्या म्हाताऱ्या साधूच्या कोठडीचा प्रवेशच वगळला होता. म्हणजे म्हातारा पिमेन शेवटी येऊन राजपुत्राच्या थडग्यापाशी आंधळ्याला दृष्टी आल्याचं सांगतो, ते ऐकून बोरिस कोसळतो, आणि प्रेक्षकाला हा म्हातारा कोण याचा पत्ता नाही. मुसोर्गस्की हयात होता, प्रयोगाला हजर होता. मग शुद्धता कुठं गेली?

मंद्रषड्ज

ती काटछाट प्रयोगाची, लिखाणाची नाही. त्याच वर्षी प्रकाशक बेसेलनं पियानोसाठीची संहिता छापली, तिच्यात कोठडी आहे.

तिरका_डोळा

म्हणजे नाट्यगृहानं कापलं तर ‘प्रयोगाची अडचण’ आणि नाट्यगृहानं जोडलं तर ‘कुणीच लिहिलेला नाही’! एकाच तराजूत तोला की. चर्चसमोरचं ते संभाषण आणि क्रोमीची ती आग, यातलं एक मी सोडायचं का, तर मुसोर्गस्कीनं एकदा पान काढलं म्हणून? मला दोन्ही बघायचंय. कोपेक दोनदा चोरीला गेला तर जाऊ दे. गरिबाचं दोनदा चोरीला जातंच.

केतकी_द

हे मात्र आवडलं. +१

पश्चिमघाट्या

सोव्हिएत संगीतकार शोस्टाकोविच राहिलाच. १९३९-४० मध्ये त्यानं बोरिसची वाद्यरचना पहिल्यापासून नव्यानं केली. आधार १९२८ मध्ये पावेल लामनं हस्तलिखितांवरून छापलेल्या संहितेचा, त्यामुळं रिम्स्कीसारखे सूर नाही बदलले, फक्त वाद्यं. युद्धामुळं रखडलं ते १९५९ मध्ये लेनिनग्राडला रंगमंचावर आलं. पितळी वाद्यांचा मारा जबरदस्त, पण कधी कधी मुसोर्गस्कीपेक्षा शोस्टाकोविचच जास्त ऐकू येतो.

निळी_शाई

सगळं कळलं, पण नवीन माणसानं सुरुवात कुठून करायची? मुंबईच्या एनसीपीएला मेटच्या ऑपेऱ्यांची प्रक्षेपणं दाखवतात तिथं दोनचार इटालियन बघितलेत, एवढंच भांडवल. यूट्यूबवर शोधलं तर पन्नास बोरिस आले.

मंद्रषड्ज

दोन्ही रूपं शेजारी ठेवून ऐकायची तर संचालक गेर्गियेवचा किरोवचा (म्हणजेच मारिइन्स्कीचा) संच, पाच सीडींचा. त्यात १८६९ आणि १८७२ दोन्ही वेगवेगळी गायलीत, बोरिसही दोन वेगळे: पुतिलिन आणि वानेयेव. मी शेजाऱ्याला द्यायचा तर हाच देईन (परत मिळण्याची आशा सोडून). मुसोर्गस्कीची स्वतःची वाद्यरचना पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झाली ती १९७६ मध्ये, सेमकोवच्या हाताखाली, बोरिस मार्टी ताल्वेला. आवाज असा की पाण्याचा पेला थरथरावा.

रिम्स्कीचा हवा तर संचालक कारायानचा १९७० चा, बोरिस निकोलाय ग्याउरोव. आणि एक चमत्कार म्हणून दोब्रोवेनचा १९५२ चा: बोरिस क्रिस्टोफनं त्यात बोरिस, पिमेन आणि दारुडा वार्लाम अशा तिन्ही भूमिका एकट्यानं गायल्यात. शेवटच्या प्रवेशात पिमेनची गोष्ट ऐकून बोरिस कोसळतो, म्हणजे तो स्वतःचंच ऐकून कोसळतो.

अख्खा ऑपेरा एका बैठकीत ऐकायला जाऊ नका, झोप लागेल. आधी दोन्ही तेरेम एकापाठोपाठ ऐका. शब्दांचा अनुवाद समोर ठेवा, त्याशिवाय १८६९ मध्ये काही हाती लागणार नाही.

तिरका_डोळा

@निळी_शाई, यांचं ऐकू नका. रिम्स्कीच्या राज्याभिषेकापासून सुरुवात करा, आवाज मोठा ठेवा. आवडलं तर मग या भानगडीत पडा.

बाकडेवाला

मी पेटीवर ते दोन स्वरमेळ वाजवून बघितले. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना बोटांची कसरत होतेय, ग आणि कोमल नी एका हातात धरून ठेवले तर जमतं. बायको आतून विचारतेय, कोण आलंय म्हणून. कारायानवाला कुठं मिळेल ते टाका कुणीतरी.